इअरबड्स फोनला ‘जोडले’ जातात म्हणजे नेमकं काय होतं? ३.५ मिमी जॅक, टाइप-सी आणि ब्लूटूथ सोप्या भाषेत

नवे इअरबड्स घेतले, गाणी एकदम मस्त वाजतायत. मग एक दिवस लॅपटॉपवर ऑनलाइन मुलाखत असते. तुम्ही तेच बड्स कानात घालता आणि समोरून पहिलंच वाक्य येतं, “तुमचा आवाज नीट येत नाहीये, दुसरा हेडफोन आहे का?” तुम्हालाही समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येत असतो. कालपर्यंत चांगले असलेले बड्स आज बिघडले का? नाही. ते अगदी ठरल्याप्रमाणेच काम करत असतात.

दुसरा प्रसंग. बाजारातून टाइप-सी पिनचा इअरफोन आणला. मित्राच्या फोनवर वाजतो, तुमच्या फोनवर आवाजच नाही. दुकानदार म्हणतो, “पीस ओके आहे, तुमच्या फोनमध्ये प्रॉब्लेम आहे.” खरं तर दोन्ही वस्तू ठीक असतात आणि तरी तुमचे पैसे वाया गेलेले असतात.

तिसरा प्रसंग गेम खेळणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. समोरच्याने गोळी झाडली, तुमचा प्लेअर पडला, आणि मग कानात ‘ठो’ ऐकू आलं.

या तिन्ही अडचणींचं कारण एकाच प्रश्नात सापडतं: आवाज फोनमधून तुमच्या कानापर्यंत कोणत्या रस्त्याने जातो? हा रस्ता एकदा समजला की बड्स घेताना पैसे वाया जात नाहीत आणि ऐन वेळी काय करायचं हेही कळतं. चला, सुरुवातीपासून बघूया.

## आधी एक मूळ गोष्ट: ‘डॅक’ कुठे बसलाय?

फोनमधलं गाणं म्हणजे फक्त आकड्यांची रांग असते. कानाला मात्र आकडे कळत नाहीत, त्याला हवेतली कंपनं लागतात. म्हणून मध्ये तीन कामं व्हावी लागतात.

१. आकड्यांचं विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या लहरीत रूपांतर करणं. हे काम करणाऱ्या चिपला डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक म्हणतात.
२. ती लहर जोरकस करणं. हे ॲम्प्लिफायरचं काम.
३. त्या लहरीने पडदा हलवणं. इअरफोनच्या आतल्या ड्रायव्हरमध्ये छोटं लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून वीज गेली की पडदा पुढे-मागे हलतो आणि आवाज होतो.

पन्नास रुपयांचा इअरफोन असो की वीस हजारांचे बड्स, ही तीन कामं कुठेतरी व्हावीच लागतात. फरक फक्त जागेचा असतो:

- ३.५ मिमी जॅक: डॅक फोनमध्ये.
- डिजिटल टाइप-सी: डॅक इअरफोनच्या पिनमध्ये किंवा वायरवरच्या छोट्या डबीत.
- ब्लूटूथ: डॅक थेट तुमच्या कानातल्या बडमध्ये.

एवढं लक्षात ठेवा. पुढचं जवळपास सगळं यातूनच उलगडतं.

## ३.५ मिमी जॅक: साधा, पण वाटतो तितका साधा नाही

गोल पिनचा हा जॅक टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यातला आहे. तेव्हा ऑपरेटर हाताने कॉल जोडायचे. त्यांच्या बोर्डावर ६.३५ मिमी जाडीची पिन असायची, आजचा ३.५ मिमी जॅक हा तिचाच लहान अवतार.

तुमच्याकडे वायरचा हँड्सफ्री असेल तर पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्या मोजा. या पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात आणि धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवतात. दोन पट्ट्या असतील तर धातूचे तीन भाग आहेत आणि त्या इअरफोनला माइक नाही. तीन पट्ट्या असतील तर चार भाग आहेत. आजच्या पद्धतीत टोकापासून क्रम असा: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. ग्राउंड म्हणजे वीज परत जाण्याचा सामाईक रस्ता.

काही जुन्या हँड्सफ्रीमध्ये शेवटचे दोन भाग उलटे असायचे, म्हणजे आधी माइक आणि मग ग्राउंड. असा जुना इअरफोन आजच्या फोनला लावला की आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. पण माइकवरचं बटण दाबून धरलं की एकदम नीट होतो! कारण बटण दाबल्यावर माइक आणि ग्राउंड आपोआप जोडले जातात.

अशीच आणखी एक गंमत. पिन अर्धवट बसली की कधीकधी संगीत ऐकू येतं, पण गायकाचा आवाज गायब होतो. ग्राउंडचा संपर्क तुटलेला असतो, त्यामुळे कानात डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक पोहोचतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. इअरफोन फेकण्याआधी पिन पूर्ण आत गेली आहे का ते बघा. खिशातला कचरा जॅकमध्ये साठून पिन आत जात नाही, हे फार सर्रास घडतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच साफ करा. सुई किंवा टाचणी नको.

वायरवरची बटणंही हुशार असतात. त्यांना वेगळी तार लागत नाही. प्रत्येक बटण माइकच्या तारेवर वेगळा रेझिस्टन्स जोडतं आणि त्यावरून फोन ओळखतो की कोणतं बटण दाबलं. अँड्रॉइडच्या ठरलेल्या पद्धतीत प्ले-पॉजसाठी जवळपास ० ओहम, आवाज वाढवायला २४० आणि कमी करायला ४७० ओहम असतात. म्हणून आयफोनसाठी बनवलेल्या जुन्या इअरफोनची आवाजाची बटणं अँड्रॉइडवर अनेकदा चालत नाहीत. बटणं खराब नसतात, खुणेची भाषा वेगळी असते.

आणि हो, फोनमधला एफएम रेडिओ ‘हेडफोन लावा’ असं का म्हणतो? कारण इअरफोनची लांब वायरच रेडिओची अँटेना बनते.

या जॅकची खरी ताकद अशी की पेअरिंग नाही, चार्जिंग नाही आणि वायरमुळे आवाजाला उशीरही होत नाही. पण ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हा जॅक काढला आणि नंतर अनेक कंपन्यांनी तोच रस्ता धरला. त्यातून पुढचा घोळ सुरू झाला.

## टाइप-सी: तोंड एकच, प्रकार दोन

टाइप-सी पोर्टमध्ये २४ बारीक पिना असतात. त्यातून चार्जिंग होतं, डेटा जातो, स्क्रीनही जोडता येते. आवाज पाठवण्याचे मात्र दोन वेगळे मार्ग आहेत.

ॲनालॉग मार्ग: फोनमधलाच डॅक आवाज तयार करतो आणि टाइप-सीच्या काही पिना जुन्या जॅकसारख्या वापरल्या जातात. या इअरफोनमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये फक्त तारा असतात, चिप नसते, म्हणून तो स्वस्त पडतो. पण हा मार्ग फोनने स्वतःहून दिलेला असावा लागतो, आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये तो नसतो.

डिजिटल मार्ग: फोन पोर्टमधून फक्त आकडे पाठवतो. पिनमध्ये बसवलेला छोटा डॅक त्याचा आवाज बनवतो. फोनच्या दृष्टीने हे एक बाहेरचं साउंड कार्डच असतं.

आता दुकानातल्या त्या भांडणाचं उत्तर मिळालं. तुम्ही घेतलेला इअरफोन ॲनालॉग होता. मित्राच्या फोनमध्ये तो मार्ग होता, तुमच्या फोनमध्ये नव्हता. त्याच दुकानातला डॅकवाला पीस घेतला असता तर तो तुमच्या फोनवर वाजला असता.

खरेदी करताना हे करा:

- पाकिटावर किंवा वेबसाइटवर ‘डॅक’ किंवा ‘डिजिटल’ असा उल्लेख आहे का ते बघा. ३.५ मिमीच्या कन्व्हर्टरलाही हाच नियम.
- शक्य असेल तर दुकानातच स्वतःच्या फोनला लावून गाणं आणि माइक दोन्ही तपासा.
- घरी लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावून बघा. साउंड सेटिंगमध्ये नवीन डिव्हाइस दिसलं तर आत डॅक आहे.
- काही फोनमध्ये डिजिटल इअरफोनसाठी सेटिंगमधलं ‘ओटीजी’ चालू करावं लागतं, आणि ते थोड्या वेळाने आपोआप बंदही होतं. आवाज येत नसेल तर आधी तिथे बघा.

आयफोनच्या जुन्या लाइटनिंग पोर्टमध्येही आवाज डिजिटलच जायचा. २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथेही टाइप-सी आलं. लाइटनिंगच्या काही स्वस्त इअरफोनमध्ये तर वेगळीच मजा असते. वायर लावायची आणि वर ब्लूटूथही चालू करायचं! त्यात पोर्टमधून फक्त वीज घेतली जाते आणि आवाज मात्र वायरमधल्या ब्लूटूथ चिपकडे हवेतून जातो. असा पीस हातात आला तर तो वायरचा समजू नका.

## ब्लूटूथ: हवेतून आकडे कसे जातात?

ब्लूटूथ म्हणजे कमी ताकदीचा रेडिओ. हे नाव दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हेराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आलं. त्याच्या नावाची आद्याक्षरं जुन्या रूनिक लिपीत एकत्र करून ते ओळखीचं चिन्ह बनवलं आहे. एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये यावर काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून याची संघटना उभी केली. म्हणूनच एका कंपनीचे बड्स दुसऱ्या कंपनीच्या फोनला जोडता येतात.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. या पट्ट्यासाठी परवाना लागत नाही, म्हणून तिथे गर्दीही तेवढीच. घरातलं वाय-फाय, वायरलेस माउस, शेजाऱ्यांचं वाय-फाय, सगळे इथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो.

मग या गर्दीत तुमचं गाणं टिकतं कसं? उड्या मारून. गाण्यांसाठी वापरलं जाणारं नेहमीचं ब्लूटूथ हा पट्टा ७९ चॅनलमध्ये विभागतं आणि फोन-बड्सची जोडी सेकंदाला १६०० वेळापर्यंत चॅनल बदलते. कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या हे दोघांना आधीच माहीत असतं. एखाद्या चॅनलवर सारखा अडथळा येत असेल तर ते चॅनल यादीतून वगळलं जातं. काही आकडे हरवलेच तर बड ‘परत पाठव’ म्हणतो.

तरीही दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी गाणं तुटतं, कारण आजूबाजूला शेकडो जणांच्या कानात हेच चाललेलं असतं. दुसरं मोठं कारण आपलं स्वतःचं शरीर. शरीरात भरपूर पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या डाव्या खिशात आणि सिग्नल घेणारा बड उजव्या कानात असेल, तर लहरींच्या वाटेत तुम्हीच उभे असता. घरात भिंतींवरून परावर्तन होऊन सिग्नल पोहोचतो, मोकळ्या मैदानात तसं होत नाही. म्हणून ‘घरात नीट चालतात, मैदानावर धावताना तुटतात’ अशी तक्रार ऐकू येते. फोन खिशाच्या दुसऱ्या बाजूला किंवा दंडाच्या पट्ट्यात ठेवून बघा, बऱ्याचदा एवढंच पुरतं.

## पेअर करणं आणि कनेक्ट करणं: दोन्ही एक नाही

आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण फरक आहे.

पेअरिंग म्हणजे पहिली ओळख. प्रत्येक ब्लूटूथ वस्तूला स्वतःचा ४८ बिटचा पत्ता असतो. पेअरिंग मोडमध्ये बड्स ‘मी इथे आहे’ असं सांगतात. फोनवर त्यांचं नाव दिसतं आणि तुम्ही टॅप करता. मग दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. खास गोष्ट म्हणजे ती किल्ली हवेतून पाठवली जात नाही. दोघं काही माहितीची देवाणघेवाण करतात आणि त्यावरून आपापल्या जागी सारखीच किल्ली काढतात. पूर्वी ‘००००’ असा पिन टाकावा लागायचा, २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून ही नवी पद्धत आली.

कनेक्ट होणं म्हणजे पुढची प्रत्येक भेट. केसचं झाकण उघडलं की बड्स जागे होतात आणि आठवणीतल्या फोनला हाक मारतात. किल्ली जुळली की जोडणी पूर्ण.

यावरून दोन नेहमीच्या अडचणी समजतात. पहिली, बड्स ताईच्या फोनला जोडले जातात, कारण शेवटची जोडणी तिच्या फोनशी होती आणि तिचं ब्लूटूथ चालू आहे. दुसरी, बड्स रिसेट केल्यावर फोन ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतो. बड्स किल्ली विसरले, पण फोनकडे जुनीच आहे. उपाय म्हणजे फोनमधून ते नाव ‘फर्गेट’ करायचं, बड्स पुन्हा पेअरिंग मोडमध्ये न्यायचे आणि नव्याने ओळख करून द्यायची.

काही बड्सची केस उघडली की फोनवर चित्रासकट खिडकी येते. गूगलचं फास्ट पेअर किंवा ॲपलची स्वतःची सोय यामागे असते. बड्स कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर आपला मॉडेल क्रमांक प्रसारित करतात आणि जवळचा फोन तो ओळखतो. त्यामुळे सेटिंगमध्ये जायचा त्रास वाचतो.

## मुलाखतीत आवाज का बिघडतो?

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊया. कामानुसार ब्लूटूथचे नियम वेगळे असतात. त्यांना प्रोफाइल म्हणतात. इअरबड्ससाठी दोन प्रोफाइल महत्त्वाची.

एटूडीपी हे गाण्यांसाठी. आवाज एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे जातो. स्टिरिओ असतो, गुणवत्ता चांगली असते. पण यात माइकचा आवाज परत पाठवायची सोय नाही.

एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री प्रोफाइल, हे बोलण्यासाठी. आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण मोनो आणि पातळ. गाण्यात आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतलेले असतात. हँड्सफ्रीमध्ये ते जुन्या पद्धतीत फक्त ८,००० आणि नंतरच्या पद्धतीत १६,००० असतात.

तुम्ही लॅपटॉपवर मीटिंग उघडता, ॲप बड्सचा माइक मागतं, आणि त्या क्षणी बड्स गाण्याच्या रस्त्यावरून बोलण्याच्या रस्त्यावर येतात. माइकचाच नाही, तर तुम्हाला ऐकू येणारा आवाजही त्याबरोबर उतरतो. गेममध्ये व्हॉइस चॅट चालू केल्यावर पावलांचे आवाज एकदम खराब होतात, तेही याचमुळे. महाग बड्सवरही हे होतं.

उपाय सोपा आहे. मीटिंगच्या साउंड सेटिंगमध्ये ‘स्पीकर’ म्हणून बड्स ठेवा आणि ‘मायक्रोफोन’ म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. काही विंडोज लॅपटॉपवर एकाच बड्सची दोन नावं दिसतात, एक हेडफोन आणि एक हँड्सफ्री. त्यातला हेडफोन निवडा. आजूबाजूला गोंगाट असेल तर वायरचा हँड्सफ्री उत्तम. त्याचा माइक तोंडाजवळ असतो, बडचा माइक कानाजवळ. मुलाखत किंवा तोंडी परीक्षा असेल तर आदल्या दिवशी मित्राला कॉल करून तपासा. ऐन वेळी सेटिंग शोधत बसणं कोणालाच जमत नाही.

## कोडेक: गाण्याची घडी घालणं

सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आणि दोन बाजू असतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. एवढा माल ब्लूटूथवरून सतत, न अडखळता पाठवणं अवघड. म्हणून फोन आवाजाची घडी घालतो आणि बड ती उलगडतो. ही घडी घालायची पद्धत म्हणजे कोडेक.

- एसबीसी: गाण्यांसाठी सगळ्या बड्समध्ये असणं बंधनकारक. चांगल्या सेटिंगवर सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट.
- एएसी: आयफोनवर हाच मुख्य. अँड्रॉइडवरही असतो.
- ॲप्टएक्स: क्वालकॉमचा. आयफोनमध्ये नाही.
- एलडॅक: सोनीचा. ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट. सिग्नल कमजोर झाला की खालच्या पायरीवर येतो.

नियम एकच. कोडेक फोन आणि बड्स दोघांमध्ये असावा लागतो. नसेल तर दोघं एसबीसीवर उतरतात. आयफोन असेल तर एलडॅकसाठी जास्त पैसे मोजून काही मिळणार नाही.

आणि ‘ब्लूटूथ ५.३ आहे, म्हणजे आवाज भारी’ असं कोणी सांगितलं तर फसू नका. नेहमीच्या बड्समध्ये आवाजाचा दर्जा आवृत्तीच्या आकड्यापेक्षा कोडेक, ड्रायव्हर आणि कानात बड नीट बसतो की नाही यावर जास्त ठरतो. योग्य मापाचा रबर लावला तर बास लगेच सुधारतो, आणि तो पाकिटातच मिळतो.

## लॅग: गोळी आधी, आवाज नंतर

घडी घालायला वेळ लागतो, पाठवायला वेळ लागतो, उलगडायला वेळ लागतो. शिवाय बड थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो, म्हणजे मध्ये काही आकडे हरवले तरी गाणं तुटू नये. या साठ्याला बफर म्हणतात. सगळं मिळून साध्या बड्समध्ये १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर सर्रास आढळतो.

हा उशीर किती मोठा? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास ७० मीटर. विसर्जन मिरवणुकीत लांबून ढोल बघताना टिपरू आधी पडतं आणि ठोका नंतर ऐकू येतो ना, तेवढं अंतर.

मग यूट्यूबवर ओठ आणि आवाज जुळतात कसे? व्हिडिओ ॲपला पुढचं चित्र आधीच माहीत असतं, म्हणून ते चित्रही तेवढंच उशिरा दाखवतं. गेममध्ये हे शक्य नाही, कारण तुम्ही बटण कधी दाबणार हे आधी कोणालाच माहीत नसतं. मोबाइलवर कीबोर्ड किंवा तबल्याचं ॲप वाजवतानाही हीच अडचण येते.

बड्समधला ‘गेमिंग मोड’ मुख्यतः हा साठा कमी करतो. उशीर घटतो, पण गर्दीच्या जागी आवाज तुटण्याची शक्यता वाढते. गेम गांभीर्याने खेळत असाल तर वायरला आजही पर्याय नाही.

## दोन बड्स, पण फोन एकच

नेकबँडमध्ये डावा-उजवा कान तारेने जोडलेले असतात. पूर्ण वायरलेस बड्समध्ये तसं काही नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर फोन खरं तर एकाच बडशी जोडलेला असतो. आधीच्या बड्समध्ये हा मुख्य बड दुसऱ्याचा आवाज पुढे पाठवायचा. त्यामुळे मुख्य बडची बॅटरी लवकर संपायची आणि डोकं मध्ये आल्याने दुसरा कान अधूनमधून गप्प व्हायचा. नंतरच्या बऱ्याच बड्समध्ये दुसरा बड फोनचं मुख्य बडशी चाललेलं बोलणं थेट ऐकतो आणि गरज पडली तर मुख्य बडची जागाही घेतो. म्हणून यात कोणताही एक बड वापरता येतो.

एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत फोन दोन्ही बड्सना वेगवेगळे प्रवाह पाठवतो. तिचा पाया जानेवारी २०२० च्या ब्लूटूथ ५.२ मध्ये घातला गेला. यातला एलसी३ कोडेक कमी बिटमध्ये एसबीसीपेक्षा चांगला आवाज देतो आणि कॉलवरचा आवाजही सुधारू शकतो. याच्याच ऑराकास्ट सोयीने एक टीव्ही किंवा फोन कितीही बड्सना एकाच वेळी आवाज पाठवू शकतो. कानाच्या मशीन वापरणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. पण इथेही फोन आणि बड्स दोघांत ती असायला हवी.

मल्टिपॉइंट म्हणजे बड्स एकाच वेळी दोन वस्तूंना जोडलेले राहतात, उदाहरणार्थ लॅपटॉप आणि फोन. लेक्चर बघताना घरचा फोन आला तर बड्स आपोआप तिकडे वळतात. मात्र मुलाखतीच्या वेळी हे बंद ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपचा टिंग मध्येच कानात वाजेल.

## अडचण आली तर या क्रमाने बघा

१. एकच बड वाजतो: दोन्ही केसमध्ये ठेवा, दहा सेकंदांनी काढा. मग केसमधल्या धातूच्या बारीक टोकांवर मळ आहे का बघा. त्यामुळे एक बड चार्जच होत नाही. कोरड्या कापडाने पुसा.
२. आवाज तुटतो: फोनची जागा बदला. घरी असाल तर फोन किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या.
३. कनेक्ट होत नाही: दुसऱ्या कोणाच्या फोनला जोडले गेलेत का ते आधी तपासा. मग फर्गेट, रिसेट आणि नव्याने पेअर.
४. कॉलवर आवाज खराब: माइक दुसरा निवडा.
५. गाणं चालू आहे, आवाज नाही: ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या बड्ससमोर ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का बघा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक बड हरवला, दुसरा घेऊन चालेल का?
त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा हवा, आणि दोन्ही बड्सची आपसात नव्याने जोडणी करावी लागते. वेगळ्या मॉडेलचा चालत नाही.

माझा फोन जुना आहे, ब्लूटूथ ४.२ चा. नवे बड्स चालतील का?
नेहमीचे बड्स चालतील. ब्लूटूथ मागच्या आवृत्त्यांना सांभाळून घेतं. फक्त नव्या सोयी मिळणार नाहीत.

बड्स किती वर्षं टिकतात?
बडमध्ये अगदी छोटी बॅटरी असते आणि वापराने तिची क्षमता कमी होत जाते. ती सहसा बदलता येत नाही. वायरच्या इअरफोनला हा प्रश्नच नाही, तिथे वायर पिनजवळ तुटते.

मग घेऊ काय?
प्रवास, व्यायाम आणि गाण्यांसाठी बड्स किंवा नेकबँड. गेम, मुलाखत आणि रेकॉर्डिंगसाठी वायर. बजेट कमी असेल तर साधे बड्स घ्या आणि सोबत फोनला चालणारा एक वायरचा हँड्सफ्री बॅगेत ठेवा. महागड्या एकाच जोडीपेक्षा ही जोडगोळी जास्त वेळा उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी आवाजाची अडचण आली की लगेच नवीन पीस ऑर्डर करू नका. आधी विचारा: डॅक कुठे आहे, आवाज कोणत्या रस्त्याने येतोय, आणि तो नेमका कुठे अडकलाय? बऱ्याच वेळा उत्तर सेटिंगमध्येच सापडतं आणि पैसे खिशातच राहतात.